ल्योंच्या ‘बूशों’मध्ये जेवताना

फ्रेंच जेवण म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे बहुधा पॅरिसमधील एखादे महागडे रेस्तराँ उभे राहते. शुभ्र टेबलक्लॉथ, भल्यामोठ्या बशीच्या मध्यभागी चार घासांचा पदार्थ, काट्या-चमच्यांची न उमगणारी रांग आणि शेवटी धडकी भरवणारे बिल. पॅरिसहून अतिवेगवान रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेल्या ल्यों शहरातील ‘बूशों’ नावाच्या खानावळीचे चित्र याच्या अगदी उलट असते. खोली लहान, टेबले एकमेकांना चिकटलेली, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकटींचे कापड, भिंतीवर जुनी चित्रे आणि भांडी. शेजारच्या टेबलावरचे संभाषण इच्छा असो वा नसो, कानांवर पडतेच. बशी मात्र काठोकाठ भरलेली असते.

तरीही या खानावळीतून हिरमुसले होऊन परतणारे परदेशी पर्यटक असतात. कोणी दुपारी तीनला पोहोचतो आणि स्वयंपाकघर बंद झाल्याचे त्याला कळते. कोणी भाज्यांची कोशिंबीर समजून ‘सालाद’ मागवतो आणि तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. कोणी नादमधुर नावाला भुलून एखादा पदार्थ मागवतो आणि पुढ्यात येते ती तळलेली वजडी! यात फसवणूक कोणाचीच नसते. बूशोंचे पदार्थपत्रक हा ल्यों शहराचा, विशेषतः तेथील श्रमिकांचा, इतिहास आहे. तो ठाऊक असेल तर जेवण समजते आणि रुचतेही.

दोन नद्यांचे शहर

आग्नेय फ्रान्समध्ये रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावर ल्यों वसले आहे. इ. स. पूर्व ४३ मध्ये रोमनांनी येथे ‘लुग्दुनुम’ नगर स्थापन केले, तेव्हापासून हे व्यापारी मार्गांवरचे मोक्याचे ठिकाण राहिले आहे. खाद्यसंस्कृतीच्या दृष्टीने त्याचे भाग्य असे, की चारी दिशांनी उत्तम जिन्नस येथे येऊन पोहोचतात. ईशान्येच्या ब्रेस प्रदेशातील कोंबड्यांना १९५७ मध्ये मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. शेजारच्या दोंब भागात शेकडो तळी असून त्यांतील गोड्या पाण्याचे मासे प्रसिद्ध आहेत. वायव्येला शारोले जातीच्या गुरांचा प्रदेश, आग्नेयेला दोफिनेचे चीज, उत्तरेला बोजोलेचे द्राक्षमळे तर दक्षिणेला रोनकाठची वाइन. ल्योंमधून रोन, सोन आणि बोजोले अशा तीन नद्या वाहतात, असे तेथे गमतीने म्हटले जाते. ‘क्युर्नोन्स्की’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या नामवंत खाद्यसमीक्षकाने १९३०च्या दशकात ल्योंला खाद्यजगताच्या राजधानीचा मान दिला. हे बिरुद शहर आजही अभिमानाने मिरवते.

परंतु उत्तम कोंबडी आणि उत्तम मांस परवडत होते ते धनिकांना. बूशोंचा उगम झाला तो ज्यांना हे परवडत नव्हते अशांच्या वस्तीत.

विणकरांची न्याहारी

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३६ मध्ये ल्योंला रेशीम विणण्याची सवलत दिली आणि पुढील तीन शतके हे शहर युरोपातील रेशमी कापडाची पेठ बनले. येथील विणकरांना ‘कान्यू’ म्हणत. आपल्याकडे येवल्याच्या पैठणीच्या मागांवरही आढळणाऱ्या जकार्ड यंत्राचा जनक जोसेफ मारी जकार्ड हा याच शहराचा. एकोणिसाव्या शतकात हे उंच माग बसवता यावेत म्हणून क्र्वा-रूस टेकडीवर चार-चार मीटर उंच छतांची घरे बांधली गेली. विणकर तेथेच राहत आणि तेथेच विणत. रेशीम राजवाड्यांत जाई. विणणाऱ्यांची मजुरी मात्र तुटपुंजीच राही. १८३१ आणि १८३४ मध्ये कान्यूंनी केलेली बंडे युरोपच्या कामगार चळवळीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात.

या कष्टकऱ्यांची एक खास न्याहारी होती. पहाटेपासून, कधी रात्रभर माग चालवल्यानंतर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सॉसेजच्या चकत्या, उरलेल्या मांसाचे थंड पदार्थ, पाव, चीज आणि पेलाभर वाइन असे भरपेट खाणे होई. त्याला ‘माशों’ म्हणतात. श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात ज्यांना जागा नव्हती असे प्राण्यांचे भाग, म्हणजे जठर, आतडी, पाय, मुंडी, काळीज, कसायाकडे स्वस्तात मिळत. ते तासन् तास शिजवून, मसालेदार करून किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून चविष्ट बनवणे हे या खानावळींचे कसब ठरले. आज बूशोंच्या पत्रकावर जे पदार्थ पाहून पर्यटक दचकतो, त्यांचे मूळ या काटकसरीत आहे.

‘बूशों’ या शब्दाचा आजचा रूढ अर्थ बाटलीचे बूच असा असला, तरी खानावळीच्या नावाचा बुचाशी संबंध नाही. गवताच्या वा डहाळ्यांच्या जुडीलाही जुन्या भाषेत हा शब्द होता. येथे वाइन मिळते हे कळावे म्हणून खानावळीच्या दारावर अशी जुडी टांगत. वाटसरूंचे घोडे गवताच्या बोळ्याने चोळून पुसण्याच्या कामावरून नाव पडले, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. कोणतीही मानली तरी हे ठिकाण पहिल्यापासून वाटसरूंचे आणि कामकऱ्यांचे होते, एवढे त्यातून दिसते.

‘मेर’ म्हणजे आई

ल्योंच्या पाककलेला देशभर नाव मिळवून दिले ते स्त्रियांनी. त्यांना आदराने ‘मेर’, म्हणजे ‘आई’, असे म्हटले जाई. यांतील अनेकजणी धनिक कुटुंबांत स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या होत्या. कोणी लग्नानंतर स्वतःची खानावळ काढली, तर कोणाला पहिल्या महायुद्धानंतर मालकांची स्थिती खालावल्याने बाहेर पडून हा मार्ग धरावा लागला. त्यांनी घरंदाज स्वयंपाकातील सफाई आणि श्रमिकांच्या खानावळीतील साधेपणा एकत्र आणला. पदार्थ मोजकेच, पण वर्षानुवर्षे तेच ते केल्यामुळे त्यांत कमालीचा नेमकेपणा असे. मेर फिलियू यांच्याकडील जेवणाचा बेत क्वचितच बदले. कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफल कवकाच्या पातळ चकत्या सरकवून शिजवलेला त्यांचा पदार्थ विख्यात होता. पांढऱ्या कोंबडीवरील त्या काळ्या छटेमुळे त्याला ‘अर्ध्या सुतकातली कोंबडी’ असे नाव पडले.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या युजेनी ब्राझिए (१८९५–१९७७) यांची कहाणी तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. ब्रेसच्या ग्रामीण भागात जन्म, लहानपणीच आईचे छत्र हरपले, शेतावर मोलमजुरी. विशीच्या आतबाहेर, विवाहाविना मूल होणार म्हणून वडिलांनी घराबाहेर काढले. त्या ल्योंला आल्या, एका कुटुंबात नोकरीला लागल्या आणि स्वयंपाकात तरबेज झाल्या. १९२१ मध्ये त्यांनी र्‍यू र्‍वायाल या रस्त्यावर लहानसे रेस्तराँ उघडले, पुढे शहराबाहेरच्या टेकडीवर दुसरे. मोटारींच्या टायरची कंपनी मिशेलिन १९०० पासून प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढत होती आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी तिने उपाहारगृहांना एक ते तीन तारे देण्याची पद्धत रूढ केली. १९३३ मध्ये ब्राझिए यांच्या दोन्ही रेस्तराँना प्रत्येकी तीन तारे मिळाले. एकाच व्यक्तीकडे सहा तारे असण्याच्या या विक्रमाशी १९९८ पर्यंत कोणालाही बरोबरी साधता आली नाही.

तीन ताऱ्यांचा मिशेलिनने लावलेला अर्थ येथे लक्षात घेण्याजोगा आहे : केवळ त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा असे ठिकाण. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा हमरस्ता ल्योंवरून जात असे आणि मोटारवाले प्रवासी वाट वाकडी करून मेरच्या दारी थांबत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राझिए यांच्या टेकडीवरच्या रेस्तराँत एक तरुण उमेदवारीला आला. स्वयंपाकाबरोबर गाईंचे दूध काढणे, मळ्यात राबणे आणि कपडे धुणे ही कामेही त्याच्या वाट्याला आली. हा तरुण म्हणजे पॉल बोक्यूज (१९२६–२०१८), पुढे जगभर कीर्ती मिळवलेला फ्रेंच बल्लवाचार्य.

मराठी वाचकाला येथे गिरणगावातील खानावळवाल्या बायांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना त्यांनी पिढ्यान् पिढ्या जेवू घातले. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. कापडाच्या शहरात मजुरांच्या पोटाची काळजी बायकांनी वाहावी, हे साम्य बोलके आहे. फरक इतकाच, की ल्योंने त्या जेवणाला शहराची ओळख बनवले.

पत्रकावरील नावे

बूशोंमधील जेवणाची सुरुवात अनेकदा ‘सालाद ल्योनेझ’ने होते. कडसर हिरवी पाने, पावाचे कुरकुरीत तुकडे, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे आणि वर पाण्यात सोडून अर्धवट शिजवलेले अंडे. अंडे फोडून त्याचा पिवळा बलक पानांत मिसळायचा असतो. काही ठिकाणी मसूर, बटाटे, खारा मासा, थंड मांस असे चार-पाच पदार्थांचे वाडगे टेबलावर आणून ठेवतात आणि हवे तेवढे वाढून घ्यायचे असते.

मुख्य पदार्थांत ‘कनेल’ला मानाचे स्थान आहे. पाइक हा गोड्या पाण्यातील मासा चवीला चांगला, पण बारीक काट्यांनी भरलेला. त्याचे मांस वाटून, चाळून, पीठ, लोणी व अंडी मिसळून लांबट गोळे करतात, ते उकडतात आणि मग झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातील क्रेफिशच्या दाट रश्श्यात भट्टीत भाजतात. गोळा फुगून दुप्पट होतो आणि जिभेवर विरघळतो. मासे खाणाऱ्या मराठी माणसाने निःशंक मनाने मागवावा असा हा पदार्थ आहे. व्हिनेगरमध्ये शिजवलेली कोंबडी, ‘पूले ओ व्हिनेग्र’, हाही तसाच. तिचा आंबटपणा आपल्या जिभेला परका वाटत नाही.

‘ताब्लिए द सापर’ म्हणजे लष्करी सुरुंगवाल्याचा चामडी एप्रन. प्रत्यक्षात ही गाईच्या जठराची वजडी असते. शिजवून, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली. तिसऱ्या नेपोलियनच्या काळातील ल्योंचे लष्करी प्रशासक मार्शल कास्तेलान यांच्या आवडीवरून हे नाव पडल्याचे सांगतात. ‘आंदुयेत’ हे आतड्यांचे सॉसेज असून त्याचा उग्र वास नवख्याला सहन होईलच असे नाही.

सर्वांत चकवणारे नाव ‘सेर्व्हेल द कान्यू’, म्हणजे ‘विणकराचा मेंदू’. यात मेंदू नसतोच! चक्क्यासारख्या ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, बारीक कांदा, हिरवी पाती, तेल, व्हिनेगर व मिरपूड घालून केलेला हा प्रकार पावाला लावून खातात. मांस न परवडणाऱ्या विणकरांचे हे खाणे. नावात विणकरांच्या बुद्धीविषयीची शेठजींची तुच्छता दडली आहे, असे मानले जाते. आज तोच पदार्थ शहराचे भूषण म्हणून वाढला जातो. शेवटी गुलाबी रंगाच्या साखरेत घोळवलेल्या बदामांची ‘प्रालिन’ घातलेला टार्ट खाल्ला, की बेत पूर्ण होतो. वाइन मागवणाऱ्यांपुढे जाड बुडाची ‘पो’ नावाची बाटली येते. तिच्यात ४६ सेंटिलिटर वाइन मावते.

वेळ, क्रम आणि शिष्टाचार

आपल्याकडे ताटात सारे एकदम वाढले जाते आणि डावी-उजवी बाजू जेवणारा सांभाळतो. फ्रेंच जेवण काळाच्या क्रमाने वाढले जाते : आधी आरंभीचा पदार्थ, मग मुख्य पदार्थ, मग चीज आणि शेवटी गोड. कॉफी त्यानंतर येते, जेवणाबरोबर नव्हे. २०१० मध्ये ‘युनेस्को’ने फ्रेंचांच्या भोजनपद्धतीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तो एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर हा क्रम आणि एकत्र जेवण्याची रीत यांसाठी.

दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे सात-साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असते. रविवारी, सोमवारी किंवा ऑगस्टच्या सुटीत कित्येक बूशों बंद राहतात. त्यामुळे आधी चौकशी करून टेबल राखून ठेवणे श्रेयस्कर. आत शिरताच ‘बोंजूर’ म्हणणे हा तेथील किमान शिष्टाचार. तो न पाळणारा उद्धट समजला जातो. ‘आंत्रे’ हा शब्द अमेरिकेत मुख्य पदार्थासाठी वापरतात, फ्रान्समध्ये तो आरंभीच्या पदार्थासाठी आहे. तसेच ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीत दोन-तीन पदार्थांचा ठरलेला बेत. सुटे पदार्थ हवे असतील तर ‘कार्त’ मागावे लागते. दुपारचा ठरलेला बेत बहुधा रात्रीपेक्षा स्वस्त पडतो.

किमती दाराबाहेर लावणे बंधनकारक असून कर आणि सेवाशुल्क त्यांत धरलेले असते. बक्षिशी सक्तीची नाही. सेवा आवडल्यास लोक थोडी नाणी ठेवतात. जेवणाबरोबर पाव आणि नळाचे पाणी यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. ‘काराफ दो’ म्हटले, की पाण्याची सुरई येते. नुसते ‘पाणी’ म्हटल्यास विकतची बाटली येण्याचा संभव असतो. उरलेले अन्न मागितल्यास बांधून देणेही २०२१ पासून बंधनकारक आहे. बिल मात्र मागितल्याशिवाय आणत नाहीत. तो निष्काळजीपणा नसतो. जेवणाऱ्याला उठण्याची घाई करणे तेथे असभ्य मानतात.

शाकाहारी पाहुण्याने काय करावे?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. बूशों हे मुळातच मांसाहारी ठिकाण आहे आणि शाकाहार म्हणजे मासे चालतात, असाही समज कधी कधी आढळतो. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून न थांबता ‘सां व्यांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे स्पष्ट सांगावे. कांद्याचे सूप बहुधा मांसाच्या अर्कात केलेले असते, मसुराच्या कोशिंबिरीत सॉसेज असू शकते आणि ‘कार्दों’ या भाजीच्या भाजलेल्या पदार्थात हाडांतील मगज घालण्याची प्रथा आहे. मांसाचे तुकडे वगळून सालाद, विणकराचा मेंदू, दूध-सायीत भाजलेले बटाटे, चीज आणि टार्ट एवढ्यावर अंडी खाणाऱ्याचे जेवण होऊ शकते. काटेकोर शाकाहाऱ्यांनी मात्र पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात, हे ध्यानात ठेवावे. गोमांस वा डुकराचे मांस वर्ज्य असलेल्यांनी ‘बफ’ (गोमांस), ‘व्हो’ (वासराचे मांस) आणि ‘पोर’ (डुकराचे मांस) हे शब्द ओळखायला शिकावे. अशी अडचण टेबल राखतानाच कळवली, तर बहुतेक ठिकाणी सोय होते. ऐन गर्दीच्या वेळी सांगितली, तर लहान स्वयंपाकघराला ती झेपत नाही.

खरे कोणते, देखाव्याचे कोणते?

जुन्या ल्योंचा परिसर १९९८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला आणि पर्यटकांचा ओघ वाढत गेला. ‘बूशों’ या नावाला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण नाही. चौकटींचे कापड अंथरून आणि दारावर पाटी लावून कोणीही बूशों थाटू शकतो. तयार पाकिटातले पदार्थ गरम करून वाढू शकतो. या धोक्यामुळे १९९७ मध्ये काही मालकांनी संघटना स्थापून अस्सल बूशोंना चिन्ह देण्यास सुरुवात केली. हातात वाइनचा पेला घेतलेला न्याफ्रों, म्हणजे ल्योंच्या लोकप्रिय गिन्योल बाहुलीनाट्यातील रंगेल पात्र, त्या चिन्हावर होता. २०१२ मध्ये तेथील वाणिज्य मंडळ व पर्यटन कार्यालयाच्या पुढाकाराने ‘ले बूशों ल्योने’ हे नवे मानचिन्ह आले. स्थानिक पदार्थ, ताजा माल, तेथेच केलेला स्वयंपाक आणि आपुलकीचे स्वागत हे त्याचे निकष. देशपातळीवर २०१४ पासून ‘फे मेझों’, म्हणजे ‘इथेच केलेले’, हे चिन्ह कच्च्या मालापासून जागेवर शिजवलेल्या पदार्थांपुढे लावता येते. मानचिन्ह नसलेली उत्तम खानावळही असू शकते, हे खरे. पदार्थपत्रक लहान आहे का, ते एकाच भाषेत हाताने लिहिलेले आहे की छायाचित्रांसह सहा भाषांत छापलेले, आत स्थानिक लोक जेवताहेत की नाही, यांवरूनही बरेच कळते.

कष्टकऱ्यांचे स्वस्त खाणे शहराची शान झाले, की त्याची किंमत वाढते आणि त्याचे गिऱ्हाईक बदलते. ल्योंमध्ये तेच झाले. क्र्वा-रूसचे माग थांबले, विणकर गेले. त्यांच्या न्याहारीचे पदार्थ आता सुटीवर आलेल्या माणसाच्या पसंतीवर टिकून आहेत. पर्यटकाने ओळखीचे म्हणून नेहमी कांद्याचे सूप आणि तळलेले बटाटेच मागितले, तर खानावळवाला उद्या तेच ठेवील आणि तासन् तास शिजवायचे पदार्थ पत्रकावरून निघून जातील. वजडी प्रत्येकाला मानवेल असे नाही आणि तसा आग्रहही नसावा. पण पावावर विणकराचा मेंदू लावून घेताना ते कोणाचे खाणे होते, हे ठाऊक असलेला पाहुणा बूशोंमधून केवळ पोट भरून उठत नाही. आणि त्याच्यासाठी स्वयंपाक करणे तेथील माणसांनाही आवडते.